पोथीची मालकी, ग्रंथाचें स्वामित्व आणि मोकळा परवाना

जुन्या ग्रंथांचा व कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समजूत फार खोल रुजलेली आढळते. ती अशी कीं, ज्याच्या घरीं पोथी त्याचाच ग्रंथ. त्यानें रुकार दिल्यावांचून त्यांतील एक ओळहि दुसऱ्यानें छापूं नये. याच समजुतीची दुसरी बाजू अशी कीं, ज्यानें खटपट करून पोथी मिळविली, लिपि लावली व ग्रंथ छापून काढला, त्यानें पहिल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे शब्द घातले म्हणजे मूळ कवीच्या ओव्यांसुद्धां सर्व कांहीं त्याच्या मालकीचें ठरतें. या दोन्ही समजुती कायद्याच्या कसोटीस उतरत नाहींत, व संशोधनाच्या हितासहि त्या पोषक नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्ही प्रथम या समजुतींची छाननी करणार आहों. आणि नंतर, कर्त्याचा हक्क कायम ठेवूनहि ग्रंथ लोकांस मोकळा करून देणारे जे परवाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रचारांत आले आहेत, त्यांचें स्वरूप व उपयोग सांगणार आहों. उदाहरणें शक्यतों बीड जिल्ह्यांतील घेतलीं आहेत. कारण या जिल्ह्यानें मराठी वाङ्मयास जें दिलें, आणि त्यांतील जें जपलें व जें गमावलें, त्यांत या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू एकत्र पाहावयास मिळतात.

१. एका पासोडीवरील तीन हक्क

अंबाजोगाईस दासोपंतांच्या देवघरांत त्यांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा वस्त्रावर पंचीकरणाचा विषय अक्षरें व आकृति यांच्या योगें मांडलेला हा ग्रंथ आपल्या परीनें एकमेव आहे. हें एकच वस्त्र डोळ्यांपुढें ठेविलें असतां तीन निरनिराळे हक्क वेगवेगळे दिसूं लागतात.

पहिला हक्क वस्तूचा. वस्त्र, कागद, पुठ्ठा, बासन यांची मालकी ज्याच्याकडे परंपरेनें आली त्याची. ती पाहूं द्यावी कीं नाहीं, कोणास व केव्हां पाहूं द्यावी, हें तो ठरवील. ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचें जें हस्तलिखित निदान पंचाहत्तर वर्षांचें आहे, तें १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याखालीं येतें व तें खासगी इसमास देशाबाहेर नेतां येत नाहीं. परंतु हा सारा व्यवहार वस्तूचा आहे, ग्रंथाचा नव्हे.

दुसरा हक्क ग्रंथाचा, म्हणजे शब्दरचनेचा. दासोपंतांचा काल शके १४७३ ते १५३७. त्यांच्या काळीं ग्रंथस्वामित्वाचा कायदाच नव्हता, आणि जो हक्क कर्त्याच्या मृत्युसमयीं अस्तित्वांत नव्हता तो पुढें छापण्यानें उत्पन्न होत नाहीं. पासोडीवरील मजकूर, गीतार्णवाच्या ओव्या, दासोपंतांचीं पदें यांवर आज कोणाचेंहि ग्रंथस्वामित्व नाहीं. तीं महाराष्ट्राचीं आहेत. हीच गोष्ट मुकुंदराजांच्या शके १११० मधील म्हणून प्रसिद्ध असलेल्या विवेकसिंधूस लागू आहे.

तिसरा हक्क नव्या कामाचा. पासोडीचें छायाचित्र कोणीं काढलें, तर त्या छायाचित्राचा हक्क काढणाराचा. दाम देऊन काढविलें असेल व अन्यथा करार नसेल, तर काढविणाराचा. त्याची मुदत छायाचित्र काढणाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें. तसेंच पाठभेदांची निवड, टीपा, कोश, प्रस्तावना हीं संपादकाचीं. येथें एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००७ मध्यें असा निर्णय दिला कीं, नुसते श्रम व खर्च यांनीं स्वामित्व उत्पन्न होत नाहीं. कौशल्य, विवेक व थोडी तरी स्वतंत्र निर्मिति पाहिजे. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादनाविषयीं होता. परंतु त्यांतील तत्त्व पोथीसंपादकानेंहि लक्षांत घ्यावें असें आहे. अक्षरास अक्षर उतरून काढलेल्या नकलेवर हक्क सांगणें कठीण. विवेकानें सिद्ध केलेल्या संहितेवर व टीपांवर तो सांगतां येईल.

२. मुदत आणि तिचा पेंच

आपल्याकडे सध्यां १९५७ चा कायदा चालतो. त्यानें ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें मुदत ठरविली होती. १९९२ च्या दुरुस्तीनें ती साठ झाली. मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजितात. वि. का. राजवाडे १९२६ सालीं वारले. त्यांचें लेखन १९७७ च्या आरंभापासून सर्वांस मोकळें आहे. त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ मध्यें वारले. त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०२४ पासून मोकळे झाले. म. म. दत्तो वामन पोतदार १९७९ मध्यें वारले. त्यांचें लेखन २०३९ च्या अखेरपर्यंत बांधलेलें आहे.

मुदत असणें यांत गैर कांहीं नाहीं. ग्रंथकारास व त्याच्या मुलाबाळांस श्रमाचें फळ मिळावें हें न्याय्यच आहे. पेंच निराळा आहे. संशोधनपर लेखनास बाजारांत मोल असतें तें फार थोडें. पहिली आवृत्ति पांचशें प्रतींची निघते, ती खपावयास वर्षेंच्या वर्षें लागतात, आणि दुसरी कधीं निघत नाहीं. ग्रंथकार वारतो. वारस चार गांवीं पांगतात. त्यांपैकीं कित्येकांस आपल्याकडे असा कांहीं हक्क आहे याची वार्ताहि नसते. मग ज्यास पुस्तक पुन्हां छापावयाचें आहे त्यानें विचारावें कोणास? अशा प्रसंगीं सक्तीचा परवाना मिळविण्याची सोय कायद्याच्या कलम ३१ अ मध्यें आहे. पण तिचा मार्ग जाहिराती, अर्ज व न्यायालय यांतून जातो, व तालुक्याच्या गांवच्या लहान संस्थेस तो झेपण्यासारखा नाहीं. परिणामीं, ज्यांतून कोणासहि पैचा लाभ नाहीं असा हक्क अर्धें शतक ग्रंथाच्या दारास कुलूप म्हणून राहतो.

याहून लहान, पण रोजच्या व्यवहारांतील एक अडचण सांगतों. आपल्या मंडळींत एकमेकांस पत्र लिहून ‘छापण्यास हरकत नाहीं’ असें कळविण्याची चाल आहे. कायद्याच्या दृष्टीनें हा परवाना होय. मात्र त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि अन्यथा म्हटलें नसेल तर एक वर्षांत त्याचा उपयोग न केल्यास तो गळून पडतो. स्नेहानें दिलेली परवानगी पांच वर्षांनीं निकामी व्हावी हें देणाराच्याहि मनांत नसतें. परंतु मनांत काय होतें हें कागदावर आलें नाहीं, तर कायदा आपले आंकडे घालून मोकळा होतो.

३. बीडची ज्ञानेश्वरी

बंद ठेवण्यानें काय घडतें याचें सर्वांत मोठें उदाहरण बीडचेंच आहे. राजवाडे यांस बीड येथील पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असें त्यांचें मत होतें, व तिच्या आधारें त्यांनीं १९०९ मध्यें ज्ञानेश्वरी छापिली. तीच पुढें ‘राजवाडे-संहिता’ या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि जुन्या मराठीच्या व्याकरणाचा राजवाडे यांचा सारा विचार तिच्यावर उभा राहिला. त्या संहितेविषयीं विद्वानांत पुढें वाद झाले. पोथी खरोखर किती जुनी? अक्षरांचें वळण कोणत्या शतकाचें? अमुक रूप पोथींतलें कीं वाचणाराच्या दृष्टींतलें? या प्रश्नांचीं उत्तरें मूळ पोथी देऊं शकली असती. ती आज अभ्यासकांपुढें नाहीं. आपल्या हातीं आहे तो एका थोर संशोधकाचा छापलेला पाठ. त्याची पडताळणी करावयास साधन उरलें नाहीं.

राजवाडे यांच्या पदरीं दोष बांधण्यासाठीं हें लिहीत नाहीं. त्यांच्या हातून मराठी इतिहासाचें जें कार्य झालें तें न फिटणारें ऋण आहे. मुद्दा इतकाच कीं, एकच प्रत, एकच रक्षक व एकच वाचक अशी जेथें स्थिति असते, तेथें ग्रंथाचें आयुष्य त्या एकाच्या आयुष्याएवढें राहतें. त्या पोथीच्या दहा नकला दहा ठिकाणीं उघड्या पडून असत्या, तर शंभर वर्षांचा वाद दहा वर्षांत मिटला असता.

४. परंपरेनें घातलेल्या अटी

आतां कोणी असें म्हणेल कीं, मोकळेपणाची ही कल्पना परकी आहे. तसें नाहीं. आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ मोकळे सोडले होते, पण बेवारशी सोडले नव्हते. त्यांस अटी घातल्या होत्या.

पहिली अट नांवाची. अभंगाच्या शेवटीं येणारी नाममुद्रा ही केवळ भक्तीची खूण नव्हे. पद कोणीहि गावें, कोठेंहि गावें, उतरून घ्यावें. पण कर्त्याचें नांव पदाबरोबर चालत जावें, अशी ती योजना आहे. दासोपंतांच्या पदांतील ‘दिगंबरानुचर’ ही मुद्रा चारशें वर्षें हेंच काम करीत आली आहे.

दुसरी अट शुद्धतेची. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, तेव्हां तींत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणारा होय असें त्यांनीं बजाविलें. नकल करण्यास त्यांची मनाई नव्हती. भर घालण्यास होती.

तिसरा प्रकार सर्वस्वी बंदिस्त. बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांतील पांचाळेश्वर हें महानुभावांचें पूज्य स्थान आहे. या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. त्यामुळें पाठ फार चांगले राहिले, हा त्या पद्धतीचा मोठा गुण. परंतु मराठी गद्याचे आद्य ग्रंथ शतकानुशतकें पंथाबाहेरच्या मराठी वाचकास अज्ञात राहिले, हीहि त्याच पद्धतीची किंमत. लिपीची किल्ली राजवाडे प्रभृति संशोधकांस सांपडली तेव्हां कोठें आपल्या वाङ्मयाचा आरंभ आपणांस नीट दिसूं लागला.

म्हणजे संपूर्ण बंदी व संपूर्ण मोकळीक यांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत, हें आपल्याकडे पूर्वींपासून ठाऊक होतें. उणीव होती ती या अटी कायद्यास समजेल अशा शब्दांत लिहिण्याची.

५. नव्या परवान्यांचें स्वरूप

ती उणीव अमेरिकेंत २००१ मध्यें स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेनें भरून काढिली. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्यें निघाले. चौथी आवृत्ति २०१३ मध्यें निघाली व ती देशोदेशीं चालावी अशा बेतानें लिहिलेली आहे. हा परवाना एका व्यक्तीस दिलेला नसतो, तर ज्याच्या हातीं ग्रंथ पडेल त्या प्रत्येकास दिलेला असतो. स्वामित्व कर्त्याकडेच राहतें, आणि ठराविक उपयोगास आगाऊ संमति मिळालेली असते. स्वामित्वाची मुदत संपेपर्यंत व सर्व देशांत तो चालतो असें त्यांत लिहिलेलें असल्यानें वर सांगितलेली पांच वर्षांची अडचण उरत नाहीं.

त्यांत चार अटी आहेत. एक, कर्त्याचें नांव सांगावें. दोन, ग्रंथांत फेरफार करून नवें कांहीं केल्यास तें त्याच परवान्याखालीं लोकांस द्यावें. तीन, व्यापारी लाभासाठीं वापरूं नये. चार, फेरफार करून तें प्रसिद्ध करूं नये. पहिली अट सहाही परवान्यांत आहे. बाकीच्या अटी कमीअधिक जोडून ते सहा होतात. दुसरी व चौथी अट एकत्र येत नाहीं. कारण जेथें फेरफारच वर्ज्य, तेथें फेरफार केलेल्या ग्रंथाच्या वांटपाचा प्रश्न उरत नाहीं. वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, पहिली अट ती नाममुद्रा, व चौथी ती नाथांची नरोटी. ज्यास कांहींच अट नको, त्यानें कलम २१ प्रमाणें आपला हक्क सोडून देण्याची सोय कायद्यांतच आहे.

याचें फळ पाहावयास पुन्हां अंबाजोगाईसच जावें. ‘मानवलोक’ व ‘मनस्विनी’ या कार्यांमुळें परिचित असलेल्या लेखिका डॉ. शैला लोहिया २०१३ मध्यें निवर्तल्या. नेहमींच्या नियमानें त्यांचें लेखन २०७३ च्या अखेरपर्यंत बांधलेलें राहिलें असतें. परंतु ‘तिच्या डायरीची पाने’, ‘रुणझुणत्या पाखरा’ हीं त्यांचीं पुस्तकें आज विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयांत कोणासहि विनामूल्य वाचतां येतात. ज्यांचें स्वामित्व अद्याप चालू आहे अशीं पुस्तकें मोकळ्या परवान्यावांचून त्या ग्रंथालयांत ठेवतां येत नाहींत. जिल्ह्याच्या एका गांवीं लिहिलेलें, मराठवाड्याच्या ग्रामीण स्त्रीजीवनाची साक्ष देणारें हें लेखन पुढच्या शतकांतील अभ्यासकास शोधीत हिंडावें लागणार नाहीं. दासोपंतांच्या गीतार्णवाचा मात्र थोडाच भाग छापून निघाला आहे. सवा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ कायद्यानें मोकळा, पण बासनांत बद्ध. आणि कालपरवांचें लेखन कायद्यानें बद्ध, पण परवान्यानें मोकळें, असा हा विरोध आहे.

६. आक्षेप व सावधगिरी

‘आमचे श्रम दुसरा लुटील’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्यास उत्तर असें कीं, लूट होते ती बहुधा नांव गाळण्यानें. आणि नांव गाळणें या परवान्यांचा भंग आहे, भंग करणाराची संमति तत्काळ संपते. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम ५७ अन्वयें ग्रंथ आपला आहे असें सांगण्याचा, व कीर्तीस बाध येईल अशा विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार, स्वामित्व विकून टाकिलें तरी कर्त्यापाशीं राहतो.

‘व्यापारास बंदी’ ही अट पुष्कळांस निर्धास्त वाटते; ती घालण्यापूर्वीं विचार करावा. जिल्ह्याच्या गांवचा छापखानदार शंभर प्रती काढून कागदाच्या किमतीवर चार पैसे मिळवितो, तोहि या बंदींत सांपडण्याचा संभव असतो; आणि ही वा ‘फेरफार नको’ ही अट असलेलें पुस्तक विकिस्रोत स्वीकारीत नाहीं. उलट, नांव सांगण्याची व त्याच अटींवर पुढें देण्याची अशा दोनच अटी ठेविल्या, तर विकणारास विकतां येतें, पण त्यावर नवें कुलूप लावतां येत नाहीं. कथा, कविता, आत्मचरित्र यांच्या कर्त्यास अविकृततेची अट प्रिय असेल, तर ती त्यानें अवश्य घालावी; परंतु सूची, कोश, पाठ, वंशावळी हीं कामें दुसऱ्यानें सुधारण्यासाठींच असतात.

आणखी तीन गोष्टी सांगावयास हव्यात. हा परवाना एकदां दिला म्हणजे परत घेतां येत नाहीं. म्हणून तो घाईनें देऊं नये. जो हक्क आपला नाहीं त्याचा परवाना आपणांस देतां येत नाहीं. त्रैमासिकांतील लेख लेखकाचा असतो, आणि लेखकानें लिहून दिल्यावांचून संस्थेनें तो मोकळा करूं नये. शेवटीं, अलीकडच्या काळांतील अप्रसिद्ध रोजनिशा व खासगी पत्रें यांस स्वामित्व आहेच, शिवाय घराण्याची अब्रूहि आहे. तेथें कायद्याइतकाच विवेक पाळावा.

७. सूचना

संग्राहक व संस्था यांनीं पुढील क्रम स्वीकारावा असें आम्हांस वाटतें. जुन्या पोथीच्या मूळ मजकुरावर कोणीं हक्क सांगूं नये. ‘हा ग्रंथ सर्वांस मोकळा आहे’ असें स्पष्ट लिहावें. पोथींतील पानांचीं छायाचित्रें, प्रती व सूच्या नांव सांगण्याच्या एका अटीवर द्याव्यात. संपादित संहिता, टीपा व प्रस्तावना यांस नांव व समान वांटप या दोन अटी लावाव्यात. हयात लेखकाच्या स्वतंत्र लेखनास त्याची त्यानें अट निवडावी. परवान्याच्या ओळींत चार गोष्टी असाव्यात: हक्कदार कोण, काम कोणतें, परवाना व त्याची आवृत्ति कोणती, आणि दिनांक. पोथी ज्या घराण्यानें राखिली त्याचा उल्लेख कायदा सांगत नसला तरी तो प्रत्येक ठिकाणीं करावा. पिढ्यान्‌पिढ्या वाळवी व पाऊस यांपासून बासन वांचविणें हेंहि एक कर्तृत्व आहे.

जुना लेखक पोथीच्या शेवटीं वाचकास विनवीत असे कीं, हिला तेलापासून, पाण्यापासून व ढिल्या बांधणीपासून जप. आमच्या मतें त्या विनवणींत आज एका गोष्टीची भर घालावी. फार घट्ट बांधणीपासूनहि तिला जपावें. बीडची एक पोथी गेली. अंबाजोगाईचीं बासनें अद्याप आहेत. त्यांच्या प्रती मोकळ्या करण्याचें काम ज्यांच्या हातीं तीं आहेत त्यांचें आहे, आणि त्यांस विश्वास वाटेल असा कागद लिहून देण्याचें काम आम्हां संशोधकांचें.